वन बीएचकेमध्ये बाळाची जागा: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात लहान घरांच्या आतल्या रचनेचं काम मी करते. जुळे सोलापूर, विजापूर रोड, शेळगी, अक्कलकोट रोड, सगळीकडची घरं बघून झालीत. सातवा महिना लागला की फोन येतो, ‘मॅडम, बाळाची खोली करायची आहे,’ आणि घर असतं साडेचारशे चौरस फुटांचं. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकदा नीट लिहून काढले. मी डॉक्टर नाही. झोपेच्या सुरक्षिततेबद्दल खाली जे आहे ते बालरोगतज्ज्ञ एरवी सांगतात तेच आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा तब्येतीची काही तक्रार असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

आमच्याकडे एकच बेडरूम आहे. बाळाला वेगळी खोली कुठून द्यायची?

देऊच नका. पहिले किमान सहा महिने बाळानं आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावं असं डॉक्टर सांगतात. म्हणजे ज्यांच्याकडे जास्तीची खोली आहे त्यांनीही ती सध्या रिकामीच ठेवायची. आपल्याला हवा आहे तो एक कोपरा.

दहा बाय अकराची बेडरूम धरा. पाच बाय साडेसहाचा पलंग एका भिंतीला सरकवला की पायथ्याशी साडेचार फूट उरतात. बाळाची कॉट साधारण चार बाय दोनची असते. ती पायथ्याच्या भिंतीला लांबीनं लावली, तरी मधे अडीच फुटांची वाट राहते आणि कॉटशेजारी आईला बसायला एक खुर्ची मावते. मी गिऱ्हाइकाला आधी फरशीवर खडूनं सगळं आखायला लावते आणि दोन दिवस त्या रेघांमधून चालायला सांगते. रात्री अंधारात कशाला ठेच लागते ते कागदावरच्या नकाशात कधीच दिसत नाही.

जागा सापडते ती काढण्यातून. पलंगाच्या दोन्ही बाजूंचे टेबल, आरशाचं ड्रेसिंग, कपडे वाळत घालायच्या कामाची व्यायामाची सायकल, आणि लग्नात आलेला पण कुणीच न वापरलेला दिवाण. हे बाहेर गेलं की निम्मं काम झालं. दिवाणावरून घरात वाद होतो. तो तुमचा तुम्ही मिटवा.

कोपरा कोणता निवडायचा?

संध्याकाळी पाच वाजता आणि पुन्हा रात्री नऊ वाजता खोलीच्या चारही भिंतींना तळहात लावून बघा. पश्चिमेची भिंत दिवसभराचं ऊन पिऊन बसलेली असते आणि रात्री ते बाहेर टाकत राहते. रात्री नऊलाही जी भिंत कोमट लागते तिच्याजवळ कॉट नको.

कॉट खिडकीखाली ठेवू नका. एसीच्या झोताखाली नको, भिंतीवरच्या टीव्हीखाली नको, आणि आपल्याकडे हमखास विसरतात ते म्हणजे माळ्याखाली नको. बॅगा, जुनी भांडी, गणपतीचं मखर, काय काय असतं वर. पडद्याच्या दोऱ्या, मोबाईलच्या चार्जरची वायर आणि एक्स्टेन्शन बोर्ड बाळाच्या हाताच्या टप्प्यात येता कामा नये.

सोलापूरच्या उन्हाळ्याचं काय? आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो.

खरं तर हाच पहिला प्रश्न असायला हवा, पण लोक आधी भिंतीला ढग काढायचे की हत्ती, हे विचारतात. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळीसच्या वर जातो आणि वरच्या मजल्यावर स्लॅब तापून खोलीची भट्टी होते. लहान बाळाला घाम नीट येत नाही, पांघरूण काढता येत नाही, सांगता येत नाही. अंगात फार उष्णता साठणं हे झोपेतल्या धोक्यांपैकी एक मानलं जातं.

सुरुवात गच्चीपासून करा. सोसायटीची परवानगी घेऊन तुमच्या खोलीच्या वरच्या भागाला चुन्याचे दोन हात किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. खर्चाच्या मानानं याच्याइतकं गुण देणारं दुसरं काम मला माहीत नाही. मग खिडक्या. ऊन काचेच्या आत आल्यावर जाड पडदा लावून फारसं साधत नाही, ते बाहेरच अडवायचं: बाहेरून बांबूची चटई किंवा वाळ्याचा पडदा. आपली हवा कोरडी, म्हणून वाळ्यावर पाणी मारलं की खोली खरंच निवते. सकाळी नऊपर्यंत खिडक्या उघड्या, मग बंद, आणि सूर्य कलल्यावर पुन्हा समोरासमोरच्या उघड्या.

कूलर की एसी? कोरड्या उन्हाळ्यात कूलर इथे चांगला चालतो आणि वीजही कमी खातो. अट एकच, कूलर सुरू असताना खोलीची एक खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात चिकचिक होते. एसी असेल तर २४ ते २७ अंशांवर ठेवा. दोन्हींचा झोत थेट बाळावर नको. आणि इन्व्हर्टरवर घरातला टीव्ही जोडण्याआधी बाळाच्या कोपऱ्यावरचा पंखा आणि एक दिवा जोडा. साध्या घरगुती इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, आणि लाइट जाते ती नेमकी दुपारीच.

बाळाला गरम होतंय का हे हातापायांवरून कळत नाही, ते थंडच लागतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून बघा. ओलसर, गरम लागलं की एक कपडा कमी करा. आणखी एक, उन्हाळा आहे म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नसतं. अंगावरच्या दुधात पुरेसं पाणी असतं, दूध पाजण्याच्या वेळा वाढवा.

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्याचा बाळाच्या खोलीशी काय संबंध?

उजनीच्या धरणात पाणी असो नसो, आपल्या घरात बॅरल असतातच. बाथरूममध्ये एक, गॅलरीत दोन, काहींच्या तर पलंगाखाली भरलेल्या कॅन. त्याचे बाळाच्या दृष्टीनं दोन अर्थ होतात.

पहिला, डास. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो, म्हणजे बाळाच्या दुपारच्या झोपेत. बॅरलला घट्ट झाकण, किंवा जुन्या सुती साडीचं फडकं ताणून वर दोरी. आठवड्यातून एक दिवस पाळून बॅरल रिकामं करून आतून घासायचं, कारण अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. कूलरची टाकी हाही बॅरलच समजा.

दुसरा अर्थ आठव्या-नवव्या महिन्यात कळतो. बाळ धरून उभं राहायला लागतं आणि बादलीत डोकावतं. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, आवाजसुद्धा होत नाही. बॅरलच्या झाकणाला कडी किंवा वर न हलणारं वजन, रिकाम्या बादल्या पालथ्या, बाथरूमच्या दाराला बाहेरून वर कडी. ही कडी मी प्रत्येक घरात न विचारता लावून देते.

लंगोट की डायपर, हेही पाण्यावरच ठरतं. सुती लंगोट उत्तमच, पण ते धुवायला रोज पाणी हवं. बहुतेक घरांत दिवसा लंगोट आणि रात्री डायपर असं जमतं. पाणी यायच्या आदल्या दिवशी मात्र दिवसाही डायपर चालवा, त्यात काही पाप नाही. वाळत घालायची दोरी गॅलरीत उन्हात घ्या. ओले लंगोट बाळाच्या खोलीत टांगू नका.

डासांसाठी कॉइल लावू का?

नको. बंद खोलीत तो धूर बाळाच्या छातीत जातो. खिडक्यांना जाळी आणि कॉटवर मच्छरदाणी. छत्रीसारखी उघडणारी चालेल, फक्त बाळ तिला धरून ओढायला लागलं की ती बंद करा आणि वरून टांगलेली, ताणून खोचलेली वापरा.

पाळणा टांगता येईल का? झोळी चालेल का?

बारशाला पाळणा हवाच, त्याशिवाय आत्याचं समाधान होत नाही. जुन्या वाड्यांत तुळईला कडी असायची. फ्लॅटमध्ये बिल्डर ती क्वचितच ठेवतो. कडी बसवायची तर ती स्लॅबच्या काँक्रीटमध्ये, जाणकार माणसाकडून, आणि बाळाच्या वजनाच्या कितीतरी पट वजन टांगून तपासून. पीओपीच्या खोट्या छताला पाळणा कधीही टांगू नका, ते छत स्वतःलाच जेमतेम धरून असतं. स्टँडवरचा पाळणा हा सोपा मार्ग आहे. बाळ कुशीवर वळायला किंवा हातांवर उठायला लागलं की पाळणा आवरा.

झोळीबद्दल जपून बोलते, कारण माझ्या स्वतःच्या मुलीच्या दुपारी साडीच्या झोळीत गेल्या आहेत. झोळीत अंग वाकडं होतं, हनुवटी छातीला टेकते आणि अगदी लहान बाळाची श्वासाची वाट दबू शकते. कुणीतरी जागं, समोर बसलेलं असेल तेवढाच वेळ झोळी. रात्री नाही. मोठं भावंड घरात असेल तर रिकामी झोळी लगेच सोडून ठेवा, साडीचा पीळ गळ्याला बसायला वेळ लागत नाही.

सासूबाई म्हणतात राईची उशी, टोपडं आणि धुरी हवीच. काय करू?

या प्रश्नाला मी दरवेळी आधी चहा मागते.

राईची उशी डोकं गोल व्हावं म्हणून. पण बाळाच्या अंथरुणात कसलीच उशी नको, लोड नको, कडेला मऊ गाद्या नकोत, मोठं पांघरूण नको. पाठीवर झोपवायचं, घट्ट सपाट गादीवर. डोकं एका बाजूनं चपटं होऊ नये म्हणून झोपवताना डोक्याची दिशा आळीपाळीनं बदला, आणि बाळ जागं असताना समोर बसून थोडा वेळ पालथं घाला.

टोपडं, कुंची बाहेर नेताना घाला, फोटोला घाला. घरात झोपताना डोकं उघडं राहू द्या, बाळ जास्तीची बरीचशी उष्णता डोक्यातून बाहेर टाकतं.

धुरीची शेगडी दहा बाय अकराच्या बंद खोलीत हा खरा धोका आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. आजीला ओव्याचा वास हवा असेल तर पुरचुंडी तव्यावर गरम करून बाळंतिणीला शेक देता येतो, धूर लागत नाही. मी सासूबाईंना नाही म्हणत नाही, वेगळं काम देते. जुन्या मऊ साड्यांची दुपटी त्यांच्याइतकी चांगली कुणी शिवत नाही. डझनभर लागतात.

सोलापुरी चादर बाळासाठी वापरावी का?

गावाची चादर, भौगोलिक मानांकन मिळालेली, ती घरात नसेल असं कसं होईल? पण नवजात बाळावर पांघरायला नको. ती जाड, जड असते, तोंडावर आली तर बाळाला दूर करता येत नाही.

तिचा उपयोग दुसरीकडे आहे. दुहेरी घडी करून जमिनीवर अंथरली की बाळाला पालथं घालायला, पुढे रांगायला, यापेक्षा चांगली चटई नाही. घसरत नाही, धुतली जाते, आणि बाजारातल्या रबरी तुकड्यांसारखा वास मारत नाही. शिवाय नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचंच जरा स्पष्ट दिसतं आणि गडद-फिक्या रंगांतला फरक आधी कळतो. चादरीवरची ती ठसठशीत नक्षी, काळ्या-पांढऱ्या किंवा लाल-पांढऱ्या चौकटी, बाळ एकटक बघत राहतं. भिंतीवरचे फिकट गुलाबी ढग त्याला दिसतही नाहीत. ते आपल्यासाठी असतात.

आपल्या गावच्या टेरी टॉवेलचंही तेच. आंघोळीनंतर गुंडाळायला घ्या, पण आधी चार-पाच वेळा धुऊन. नव्या टॉवेलवर खळ आणि सुटं सूत असतं.

खोलीला रंग कधी आणि कोणता द्यावा?

बाळ घरी येण्याच्या किमान महिनाभर आधी संपवा. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर देवच पावला. बाळंतीण होणारी बाई सातव्या महिन्यात माहेरी गेली की लगेच काम काढा, बाळ सव्वा महिन्याचं होऊन येईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवून वास निघून जातो. कमी वासाचा पाण्यातला रंग घ्या, छटा फिकी, धुता येणारी. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भाग, झाली आहे. डब्यावर तसा उल्लेख शोधा.

जुना तैलरंग घासून काढायचा असेल तर गर्भवती बाईनं त्या घरात थांबू नये. त्या धुळीत शिसं असू शकतं.

आजोबांच्या वेळचा लाकडी पाळणा आहे. तोच वापरू?

बारशाला जरूर, त्यात घालून बाळाचं नाव ठेवून घ्या. रोजच्या झोपेला नको. त्याच्यावर पन्नास वर्षांचे रंगाचे थर असतात आणि दात येताना बाळ कठडाच चावतं. फळ्यांमधलं अंतरही त्या काळी कुणी मोजलेलं नसतं.

नवी कॉट घेताना काय बघायचं?

पट्टी घेऊन दुकानात जा. उभ्या दांड्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. गादी आणि कठडा यांच्या फटीत दोनपेक्षा जास्त बोटं जाता कामा नयेत. वर सरकणारी-पडणारी बाजू नको. नेटानं हलवून बघा, दुकानदार बघत राहिला तरी चालेल.

गादी घट्ट हवी. हातानं दाबून सोडली की खड्डा राहू नये. कापसाची घट्ट भरलेली गादी चालते, पण काही महिन्यांत मधे दबते, मग ती पिंजून घ्यावी लागते.

सगळेच जमिनीवर गाद्या घालून झोपत असाल तर बाळाची छोटी गादी तुमच्या गादीला लागून, कडेला घ्या. आईवडिलांच्या मधोमध नको. सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी काढणं हे मात्र सगळ्यात वाईट, आणि थकलेल्या बापांकडून हेच होतं.

थीम कोणती करावी?

नका करू.

बरं, अगदीच राहवत नसेल तर एक भिंत. चाटी गल्लीतून दोन मीटर सुती कापड घेऊन फ्रेमला ताणून लावा, पण कॉटच्या वर नाही. मऊ खेळण्यांचा ढीग सोलापूरच्या धुळीत आठवड्याभरात मळतो. दोन ठेवा, बाकीची पाहुण्यांची समजूत काढून पिशवीत भरा. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बघा, २०२१ पासून ते बंधनकारक आहे.

दिवे कसे असावेत?

पिवळसर, मंद. रात्री दूध पाजताना मोठी ट्यूब लावली की बाळ खेळायला लागतं आणि घर जागं होतं. कॉटपासून दूर, गुडघ्याच्या उंचीवर एक छोटा दिवा पुरतो. आईच्या खुर्चीला पाठ आणि हात हवेत, पायाखाली देवघरातला जादा पाट घ्या. त्या पाटानं कंबरदुखी किती कमी होते ते वापरल्यावरच कळतं.

भाड्याचं घर आहे, मालक खिळा ठोकू देत नाहीत.

मग उंच कपाटं, उभे रॅक घेऊच नका. कमरेच्या खालचं, रुंद बुडाचं सामान घ्या. उंच कपाट भिंतीला पट्टीनं बांधलेलं नसेल तर मूल खण उघडून पायरीसारखं चढतं आणि कपाट अंगावर येतं. एवढ्या कारणासाठी दोन भोकं पाडू द्या म्हणून मालकांना स्पष्ट विचारा. बहुतेक मालकांना नातवंडं असतात.

रांगायला लागल्यावर काय बदलायचं?

तुम्ही स्वतः एकदा घरभर रांगा. हसू येईल, पण खालचे बोर्ड, फ्रिजमागची वायर, पलंगाखालचं झुरळांचं औषध, सगळं तेव्हाच दिसतं. खालच्या सॉकेटना झाकणं लावा. खिडकीच्या आणि गॅलरीच्या गजांमध्ये दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर जाळी मारून घ्या. गॅलरीत कठड्याला लागून बॅरल ठेवलं असेल तर ते हलवा, बाळाला तीच वर चढायची पायरी होते. कॉटमधली गादी सगळ्यात खालच्या पातळीवर आणा.

बाळाचं सामान आधी आणू नये म्हणतात. तयारी कशी करणार?

कपडे, कॉट नंतर आणा, कुणाचं मन कशाला दुखवायचं? रंग, जाळ्या, गच्चीचा चुना, वायरिंग, बॅरलची झाकणं, ही घराची दुरुस्ती आहे. तिला कुणाची नजर लागत नाही.

पैसे मोजके आहेत. आधी कशावर घालवू?

गच्ची आणि खिडक्या, मग जाळ्या, मग चांगली घट्ट गादी, मग पंखा-इन्व्हर्टर. इथे पैसे संपले तरी बाळाची सोय झालेली असते. कॉट नात्यात फिरत असते, मापं तपासून ती घ्या. डायपर बदलायचं वेगळं टेबल मी आजवर एकाही लहान घरात करू दिलेलं नाही. पलंगावर जुनी चादर टाकली की काम होतं.

आमचं घर पूर्व भागात आहे, शेजारी यंत्रमाग चालतात. बाळ झोपेल का?

खोलीत उभं राहून साध्या आवाजात बोला. समोरच्याला नीट ऐकू आलं तर चालण्यासारखं आहे. आवाज चढवावा लागला तर मागाच्या बाजूची खिडकी बंद ठेवा, फटींना रबराची पट्टी लावा आणि कॉट विरुद्ध भिंतीला न्या. मुद्दाम लावायचे आवाजाचे यंत्र वगैरे काही आणू नका. तिकडच्या एका घरात मी हे सगळं करून दिलं. महिन्याभरानं बाळाच्या आईचा फोन आला. मागांच्या खटखटीत पोर ढाराढूर झोपतं, म्हणाली, पण लाइट जाऊन माग थांबले की दचकून उठतं.